काशीरामचे आडवे, विमलचे उभे

रत्नागिरीच्या कुवारबावात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विमल मोहितेला बातम्यांची कधीच घाई नसते. सकाळी पेपर आला की ती तो मागून उघडते, शब्दकोडं वर येईल अशी घडी घालते आणि चष्मा लावून आधी नुसतं वाचते. पेन्सिल हातात घेत नाही. वाचतावाचताच तिची कुरकुर सुरू होते.

"वृक्ष, दोन अक्षरी. उत्तर काय, तर झाड! पहिलीच्या पोराला विचारा."

किंवा, "हे गेल्या मंगळवारीच दिलं होतं. माणसं विसरतात असं वाटतं यांना."

सून दर्शना जिल्हा परिषदेत क्लार्क आहे. तिची त्या वेळी डब्याची गडबड असते. ती आतूनच "हो ना, आई" म्हणते. मुलगा अभय तेवढंही म्हणत नाही. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीला माणूस काय हो म्हणणार?

विमल आज सत्तरीची आहे. शाळा सातवीपर्यंत झाली. पण मराठी शब्दाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायला इमारतीतले हायस्कूलचे मास्तरही बिचकतात. हे सगळं तिला कुठून आलं, असं कोणी विचारलं की ती एवढंच म्हणते, "आमच्या घोवाने पोस्टाने शिकवलं."

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली विमलचं लग्न झालं. सासर पालीच्या आत तीन मैलांवरच्या गावात, बौद्धवाडीत. नवरा काशीराम मुंबईला महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला. ठरलेल्या वेळी रस्त्यावरची लोखंडी झाकणं उघडायची, लांब दांड्याची चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, एका वस्तीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. दोन चाव्यांच्या मध्ये तास दीड तास मोकळा जायचा. बरोबरचे लोक तेवढ्यात पत्ते काढायचे. काशीराम फूटपाथवर पेपर उघडून बसायचा.

तो गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत वाडीतले अकरा जण, आणि अकरा जणांत पेपर एक. सगळ्यांचा वाचून झाला की कोड्याचा तुकडा काशीरामचा, हा खोलीतला अलिखित नियम होता.

लग्नानंतर पंधरा दिवस राहून तो गेला तो गणपती-दिवाळी सगळं उलटल्यावर मे महिन्यात उगवला. पत्रं यायची, पण त्यांत घरच्यांच्या तब्येती, पावसाची चौकशी आणि खाली "सर्वांस जयभीम". नव्या नवरीला स्वतःसाठी असं त्यात काहीच नसायचं. पत्र सासूसमोर मोठ्यानं वाचावं लागे, त्यामुळे त्याने तरी काय लिहावं?

मग शहात्तर सालच्या पावसाळ्याआधी गावातला एक जण मुंबईहून आला आणि त्याच्याबरोबर काशीरामने कंदिलाच्या दोन काचा पाठवल्या. काचा पेपरात गुंडाळलेल्या. विमलने काचा फडताळात ठेवल्या आणि पेपर चुलीत घालायला घेतला, तर त्यावर चौकटींचं काहीतरी दिसलं. काही घरं भरलेली, काही कोरी. अक्षर काशीरामचं. 'ळ' काढायची त्याची एक तऱ्हा होती, गाठ मारल्यासारखी. ती तिने बरोबर ओळखली.

शब्दकोडं तिने तोवर कधी पाहिलं नव्हतं. कुठला आकडा कुठल्या घराचा, हे कळायलाच तिला अर्धी दुपार लागली. एकदा कळलं, तेव्हा आडवा सातवर नजर गेली. 'शृंगारिक नृत्यगीत, तीन अक्षरी.' शेवटचं अक्षर 'णी' आलेलं होतं. काशीरामने ते कोरंच सोडलं होतं. विमलने पोराच्या दप्तरातली असावी अशी एक बोटभर पेन्सिल शेजारणीकडून मागून आणली आणि लिहिलं, 'लावणी'. बाजूला जागा होती, तिथे आणखी लिहिलं, 'आमच्याकडे लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडणे. हे लिहिणाऱ्याने एकदा येऊन करून बघावी.'

तो माणूस आठ दिवसांनी परत मुंबईला निघाला. त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ पाठवायचं होतं. विमलने पिठाची पुरचुंडी त्याच कागदात बांधली.

पुढचं पत्र आलं. नेहमीसारखं मोठ्यानं वाचून झालं. पण पाकिटात एक घडी केलेला तुकडा वेगळा होता. नवं कोडं, अर्धं भरलेलं. आणि कडेला बारीक अक्षरात, 'आडवा सात तू बरोबर भरलास. मला चार दिवस सुचला नव्हता. खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पोटभर हसले. ह्याचे उभे तू भर.'

विमल ते वाचून मागच्या दाराला गेली आणि उगाचच केळीच्या बुंध्याशी उभी राहिली. नवऱ्याला आपलं काहीतरी आवडलं, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून ते सुरू झालं ते बत्तीस वर्षं चाललं. आडवे शब्द काशीरामचे, निळ्या शाईत. उभे विमलचे, पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तर छापून यायचं, पण काशीरामने ते कधी पाठवलं नाही आणि स्वतःही पाहिलं नाही. "बघितलं असतं तर तुझ्या पत्राची वाट कशाला पाहिली असती?" असं त्याने एकदा लिहिलं होतं. प्रेमपत्र म्हणावं असं विमलकडे आलेलं तेवढं एकच वाक्य.

सासू येसूबाईला हा प्रकार आधी मुळीच पटला नाही. तिला अक्षरओळख नव्हती.

"काय गो बाय, कागदाला काय डोळे लावून बसलीस? चुलीवरचा भात करपला!"

विमल उठून भात उतरवायची. पण एकदा तिचं अडलं. उनाड गुराच्या गळ्यात बांधतात ते, तीन अक्षरी. विमलचं माहेर रत्नागिरी शहराच्या कडेला, गुरांशी संबंध बेताचा. तिने भीत भीत विचारलं.

"आत्याबाई, उनाड गुराच्या गळ्यात काय हो बांधतात?"

"लोढणा. का गो? कोणाच्या गळ्यात बांधतेस?"

विमलने 'लोढणे' लिहिलं. येसूबाई येऊन शेजारी टेकली. "लागला?" म्हणाली. लागलं म्हटल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता पुढचा वाच." त्या दिवसापासून भांडीकुंडी, गुरं, रोपं, आजार आणि नाती हा सगळा कारभार येसूबाईकडे गेला. देव, राजे आणि नद्या काशीरामकडे. राहिलेलं विमलचं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, मोहित्यांच्या घरात सासूसुनेचं भांडण ऐकू येत नाही. येणार कसं? दोघींना भांडायला तिसराच माणूस मिळाला होता, तो कोडं तयार करणारा.

त्या कोडेकाराचं नाव पेपरात कधी नसायचं. पण विमलच्या मनात त्याचं चित्र पक्कं होतं. चष्मा, पांढरा सदरा, कधी शेतात पाऊल न टाकलेला. त्याने एकदा 'निरुपयोगी खडक' असं देऊन उत्तर 'कातळ' ठेवलं. विमल संतापली. तिने कडेला लिहिलं, 'कातळ निरुपयोगी कसा? श्रावणात त्यावर फुलं येतात. गुरं चरतात. भात झोडायला तोच लागतो. घरं बांधतो ते चिरे कुठून येतात?' काशीरामचं उत्तर आलं, 'तो शिकलेला माणूस आहे. त्याला कोकण ठाऊक नसेल. एवढं रागवायचं नाही.' काशीराम नेहमी त्या माणसाचीच बाजू घ्यायचा. म्हणायचा, चूक काढणं सोपं, कोडं बांधणं अवघड. पाण्याची लाईन टाकण्यासारखं असतं ते. इकडे वळवावं तर तिकडे अडतं.

पण अठ्ठ्याऐंशी साली एक कोडं आलं. आडवा नऊ, सूर्य, दोन अक्षरी. काशीरामने 'रवी' लिहिलं होतं. त्यातल्या दुसऱ्या घरापासून खाली विमलचा उभा शब्द, गवत कापण्याचे हत्यार, दोन अक्षरी. 'विळा'. विमल थांबली. रवीला दुसरी वेलांटी आणि विळ्याला पहिली. घर तर एकच. तिने कडेला लिहिलं, 'आता त्या घरात पहिली वेलांटी घालू की दुसरी? शाळेत आम्हांला एका वेलांटीला एक छडी मिळायची. ह्यांना कोण मारणार?'

या वेळी काशीरामचं काही उत्तर आलं नाही. विमलला वाटलं, रागावला असेल. महिन्याने पाकीट आलं, त्यात कोड्याऐवजी पेपराचा दुसराच तुकडा. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या. पालीजवळच्या सौ. विमल काशीराम मोहिते यांनी अमुक दिवशीच्या कोड्यातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक पोस्टकार्डाने कळवली. ती मान्य आहे. काशीरामने तिच्या कडेच्या ओळी जशाच्या तशा, तिच्या नावाने, सुवाच्य अक्षरात कार्डावर उतरवून पाठवल्या होत्या. आणि ते तिला सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे तुझं नाव?" येसूबाईने विचारलं.

विमलने बोट ठेवून दाखवलं. येसूबाईने आपलं बोट त्याच जागी ठेवलं आणि हळूहळू ओळीच्या शेवटापर्यंत नेलं. "ह्यात काशीरामचा पण आला का?"

"आला ना. मधोमध."

म्हातारी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसली. पुढे ती वारली तोवर घरी पाव्हणा आला की तिचा एकच प्रश्न असायचा, "तुला वाचायला येतं का रे?"

वाडीत टेलिफोन आला, मग मोबाईल आले. काशीराम दर रविवारी फोन करू लागला. पण पत्रं थांबली नाहीत. चौकटी फोनवरून कशा पाठवणार? पोस्टमन म्हणायचा, "वहिनी, सगळ्या वाडीची पत्रं बंद झाली, तुमचा माणूस काही ऐकत नाही."

दोन हजार आठ साली काशीराम निवृत्त होऊन घरी आला. अभयला तोवर रत्नागिरीत नोकरी लागली होती, कुवारबावला ब्लॉक घेतला होता. तिघं तिथे राहायला आली. पहिल्याच सकाळी काशीराम पेपर घेऊन टेबलाशी बसला आणि विमलला म्हणाला, "ये. आता समोरासमोर."

बत्तीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस असा सुरू झाला, आणि अर्ध्या तासात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. काशीरामला विचार करताना पेन टेबलावर आपटायची सवय. विमल सूचना वाचून संपायच्या आत उत्तर सांगून मोकळी. तो म्हणायचा, "मला विचार तरी करू दे." ती म्हणायची, "यात विचार काय करायचा?" तो तिच्या उभ्यांत हात घालायचा, ती त्याच्या आडव्यांत. चौथ्या दिवशी काशीराम पेपर टाकून उठला आणि साळवी स्टॉपपर्यंत चालत गेला. विमल घरात बसून रडली. तिला वाटलं, आपलं जे काही होतं ते पोस्टातच होतं, माणूस घरी आल्यावर संपलं.

संध्याकाळी तो आला. चहा पिऊन झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, "विमल, असं करू. मी सकाळी माझे आडवे भरतो आणि पेपर फ्रिजवर ठेवतो. दुपारी तू तुझे उभे भर. मी तेव्हा झोपलेला असेन."

"आणि कडेला लिहायचं?"

"लिहायचं म्हणजे? लिहायलाच पाहिजे. नाहीतर कळणार कसं?"

म्हणून मग एकाच घरात, दहा पावलांच्या अंतरावर, ती दोघं पुन्हा एकमेकांना कडेला लिहू लागली. अभयचं लग्न झालं, दर्शना घरात आली, तिला आधी हे नवराबायकोतलं बोलणं बंद असल्यासारखं वाटलं. कराडकडची मुलगी, घाबरून गेली. तिने अभयला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोलणं बंद नाही गं. हे त्यांचं बोलणंच आहे."

अशी नऊ वर्षं गेली. विमलला आज विचारलं तर ती म्हणते की मुंबईची बत्तीस वर्षं वाट पाहण्यात सुख होतं, पण फ्रिजवरचा पेपर उचलताना जे वाटायचं ते काही वेगळंच.

दोन हजार सतराच्या डिसेंबरात एका सकाळी काशीराम पेपर घेऊन बसला आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. उचलायला वाकला तो तसाच कलंडला. दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आणला तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत चालत होता, आणि शब्द गेले होते. सगळं कळत होतं. माणसं ओळखत होता. पण बोलायला तोंड उघडलं की भलतंच निघायचं, किंवा काहीच नाही. तांब्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "ते... ते... खुर्ची." मग आपणच चुकलो हे कळून डोळे मिटून घ्यायचा.

वाचेवर उपचार करणाऱ्या वैष्णवी नावाच्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी येत. तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. कप, केळं, कुत्रा. त्या एकेक दाखवून विचारायच्या, "काका, हे काय आहे?" काशीरामने पहिल्या दिवशी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवसापासून तोंड फिरवू लागला. विमलला ते समजत होतं. ज्याने आयुष्यभर नद्या आणि राजे भरले, त्याला केळं विचारायचं?

फेब्रुवारीतली दुपार होती. काशीराम तांब्याकडे बोट दाखवून अडला होता. "ते... ते..." पाच मिनिटं झाली. विमलने मुद्दाम पाणी दिलं नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं, लगेच देऊ नका, शब्द येऊ द्या. शब्द येत नव्हता आणि त्याचे डोळे भरले होते. राग कोणावर काढावा कळेना. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"अहो, जल! तीन अक्षरी! पहिलं 'उ'!"

काशीरामने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर ती जुनी आठी पडली. आणि तो स्पष्ट म्हणाला, "उदक."

विमलने तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला. "काय म्हणालात?"

"उदक," काशीराम म्हणाला. "उदक. उदक."

पुढच्या वेळी वैष्णवीबाई आल्या तेव्हा विमलने हे घाबरत सांगितलं. आपण काही चुकीचं तर नाही केलं? बाईंनी ऐकून कार्डं पिशवीत घातली. म्हणाल्या, "काकू, सगळ्यांना असं जमेलच असं नाही. पण यांना रोजच्या शब्दांची वाट बंद झालीय आणि ही दुसरी वाट उघडी दिसतेय. तुम्ही हेच करा. मी नुसती बसून बघते."

मग त्या घरात एक वर्ष विलक्षण मराठी बोललं गेलं. पाण्याला उदक. आमटीत मीठ कमी पडलं की "लवण". ताटात बांगडा आला की काशीराम हसून म्हणायचा, "मीन!" चष्मा हवा असला की "नेत्र" म्हणून डोळ्यांकडे हात न्यायचा. दर्शनाचं नाव त्याला येईना. विमलने तिचा हात धरून त्याच्यासमोर उभं केलं. "मुलाची बायको. दोन अक्षरी."

"स्नुषा," काशीराम म्हणाला.

दर्शना हसता हसता आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या वर्षी घरी कोणी पाव्हणा आला की काशीराम तिच्याकडे बोट करून "स्नुषा, स्नुषा" म्हणायचा. पालीहून आलेला एक चुलता म्हणाला, "काशीराम भटजीसारखा बोलायला लागला की रे!" सगळे हसले, काशीरामही हसला.

हळूहळू या जड शब्दांच्या मागून रोजचे शब्द आले. उदकामागून पाणी आलं, मीनामागून मासा आला. सगळे नाही आले. दर्शना आली, पण अभयचं नाव शेवटपर्यंत कधी यायचं, कधी नाही. कोडं रोज दुपारी होऊ लागलं. विमल वाचायची, काशीराम सांगायचा, आणि त्याचे आडवे विमल निळ्या पेनाने भरायची. पेन्सिल फक्त तिच्या उभ्यांना. हे दोघांनी ठरवलं नव्हतं, पण तिचा हात त्याच्या आडव्यात पेन्सिल घेऊन गेलाच नाही.

एका दिवशी तिने वाचलं, भरलं आणि पुढे गेली, तेव्हा काशीरामने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. एका घरावर बोट ठेवलं. तिने पाहिलं. आडव्यात 'कवी' होतं आणि त्याच घरातून उभं 'विहीर' उतरत होतं.

"वेलांटी," काशीराम म्हणाला. मग खूप वेळ घेऊन, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, "हा माणूस... शिकलेला... नाही."

जन्मभर कोडेकाराची बाजू घेणारा काशीराम! विमल हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तो तिच्याकडे असा बघत होता, जसा एखादा अवघड शब्द एकट्याने लावल्यावर माणूस बघतो.

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात काशीराम गेला. झोपेत, शांतपणे. गावाहून माणसं आली, वंदना झाली, जलदान विधी झाला. मुंबईच्या खोलीतल्या अकरा जणांपैकी चौघेच उरले होते, ते चौघेही आले. त्यातला एक काठी टेकत विमलजवळ आला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या त्या कडेच्या ओळींनी आमची रविवारची संध्याकाळ जायची. आम्ही सगळेच वाट बघायचो." विमलला हे कधी माहीत नव्हतं. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

महिनाभर तिने पेपर उघडला नाही. मग एका दुपारी उघडला. पेन्सिल घेतली आणि आपले उभे भरले. सगळे उभे भरले की बरेचसे आडवे आपोआप भरून येतात. पण काही घरं अशी असतात की त्यांवरून एकही उभा शब्द जात नाही. ती फक्त आडव्यांची असतात. ती कोरी राहिली. विमलला त्यांची उत्तरं येत होती. न येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिने ती तशीच ठेवली आणि पेपर रद्दीत टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. असं पावणेदोन वर्षं चाललं. कोणाला कळलं नाही, कारण रद्दीतलं कोडं कोण बघतं?

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये दर्शनाला कावीळ झाली आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं. पथ्याचं खाऊन आणि छताकडे बघून ती कंटाळली. एका संध्याकाळी तिने टेबलावरचा पेपर ओढला. कोडं जवळजवळ भरलेलं, पाचसहा घरं कोरी. तिने सूचना वाचली. 'शेतात राखणीसाठी उभारतात, दोन अक्षरी.' दुसरं घर 'ळा' होतं. तिने हातातल्या पेनाने पहिल्या घरात 'म' लिहिलं.

विमल चहा घेऊन आली, बघते तर कोड्यात शाई. कप खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. मळा."

"मळा कोणी उभारतं का? मळा पिकवतात. माळा आहे तो. चार बांबू पुरून वर बसायला करतात, डुकरं येतात म्हणून. एक काना खाल्लास तू."

"आमच्याकडे मळाच असतो, आई. उसाचा."

"तुमच्याकडचं कोडं तुमच्याकडच्या पेपरात."

दर्शना आजाराने चिडचिडी झाली होती. ती म्हणाली, "मग एवढं येत होतं तर तुम्हीच का नाही भरलंत?"

विमलने हातातला कप टेबलावर ठेवला. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "ते आडवं आहे."

दर्शनाला क्षणभर काही कळलं नाही. मग तिने पेपर जवळ घेतला, एकेक कोरं घर पाहिलं, आणि उठून रद्दीच्या गठ्ठ्याकडे गेली. वरचे आठदहा पेपर तिने उलटून पाहिले. प्रत्येकात तीच तऱ्हा. ती परत येऊन सासूच्या शेजारी बसली. बाहेर महामार्गावरून गाड्या जात होत्या.

"आई, आडवे मी भरू का?" दर्शनाने विचारलं. "रोज?"

"तुला येणार नाहीत."

"नाही आले तर चुका काढा. तुम्हांला तर तेच आवडतं."

विमलने तिच्याकडे पाहिलं. पिवळे पडलेले डोळे, विस्कटलेले केस. सहा वर्षांपूर्वी याच पोरीला हात धरून नवऱ्यासमोर उभी केली होती. "पेन कुठलंही चालणार नाही," विमल म्हणाली. "निळं घे. आणि शुद्धलेखन आधी सुधार."

दर्शना बरी होऊन ऑफिसला जाऊ लागली तरी तिने आडवे सोडले नाहीत. सकाळी डबा भरता भरता ती ओट्यावर पेपर ठेवून लिहिते, कधी कधी त्यावर आमटीचा शिंतोडा उडतो. राजे तिला येत नाहीत, नद्याही बेताच्याच. पण सरकारी शब्द आला की ती एका झटक्यात लावते, आणि अलीकडे कोड्यात असे शब्द फार येऊ लागलेत. विमल दुपारी पेपर घेते, आपले उभे भरते आणि कडेला लिहिते, 'गोदावरीला ग चा गो कोण करणार?' किंवा 'आज एकच चूक. प्रगती आहे.' संध्याकाळी दर्शना पायातल्या चपला काढायच्या आधी ते वाचते.

रविवारी मात्र दर्शनाला सुट्टी असते आणि तिला समोरासमोरच बसायचं असतं. विमलने तिला आधीच बजावलं होतं की समोरासमोर हे जमत नाही, तिचा अनुभव आहे. दर्शनाने ऐकलं नाही. त्यामुळे रविवारी दुपारी त्या घरात आवाज चढलेले असतात. काना की मात्रा, तुमच्याकडे की आमच्याकडे, आणि हा कोडं बांधणारा माणूस कधी सुधारणार. अभय दोनदा "जेवायचं का?" असं विचारून बघतो. मग आपणच उठून ताट वाढून घेतो. भात गार झालेला असतो, तो तसाच जेवतो.